कडक, कडवट क्राफ्ट बिअर: पैसे कशाचे मोजता?

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) सढळ हाताने घातलेली कडवट बिअर. तिचा कडक प्रकार, डबल आयपीए, परदेशात ७.५ ते १० टक्के अल्कोहोलचा असतो. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) मानकांत स्ट्राँग बिअरची मर्यादा ८ टक्के आहे. नुसती नशा साध्या स्ट्राँग बिअरमध्येही स्वस्तात मिळते. इथे जादा पैसे जातात ते हॉप्सच्या सुगंधाचे, आणि हा सुगंध उन्हाने, उकाड्याने नि दिवसांनी उडतो. म्हणून किमतीआधी ताजेपणा बघा.

दुकानातून घेताना
भरल्याची तारीख वाचा. तीन महिन्यांच्या आतली उत्तम. कॅन किंवा तपकिरी बाटली घ्या. फ्रीजबाहेर, उन्हात मांडलेली नको. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. तुलना १०० मिलीच्या भावाने करा: समजा, ५०० मिलीचा कॅन २५० रुपयांना असेल, तर भाव ५० रुपये.

पुण्याला जाऊन पिताना
पुण्यात डूलालीने २००९ साली मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून देणारे ठिकाण) सुरू केली; २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली. तिथून ही चव रुळली. अहिल्यानगरहून (नगरहून) पुण्याचे अंतर सुमारे १२० किलोमीटर. समजा, ३३० मिलीचा ग्लास ५०० रुपयांना आहे. १० टक्के व्हॅट धरून ५५० होतात, म्हणजे १०० मिलीला जवळपास १६७ रुपये. सेवाशुल्क ऐच्छिक आहे; बिलातून काढायला सांगता येते. ऐकले नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. पिण्याचा परवाना एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १,०००.

पिऊन गाडी चालवायची नाही, म्हणून परतीचे भाडे हिशेबात आधीच धरा. ७ टक्क्यांच्या ५०० मिलीत ३५ मिली शुद्ध अल्कोहोल असते. गाडी चालवताना रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एसटीने परत या किंवा मुक्काम करा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे.

चव कशी पारखायची
बर्फासारखी गार बिअर वास देत नाही. फ्रीजमधून काढून दहा मिनिटे थांबा, स्वच्छ ग्लासात ओता, आधी वास घ्या. संत्र्याची साल, आंबा, पेरू, पाइन किंवा ताजे गवत जाणवले तर हॉप्स जिवंत आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा जुनाट चीजचा वास म्हणजे माल शिळा.

मग लहान घोट. कडवटपणा कारल्यासारखा जिभेवर रेंगाळला तरी चालेल, पण घसा खरवडू नये. माल्टचा गोडवा त्याला तोलून धरतो. अल्कोहोलची जळजळ वेगळी जाणवली, तर बिअर नीट जमलेली नाही.

पहिल्यांदा चाखणाऱ्यांनी सर्वांत लहान माप दोघांत मागवावे. सुगंध नसेल, तर दुसरा ग्लास घेऊ नये; तो कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.