शर्यतीआधी चढलेली शुगर रात्री का घसरते?

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी त्याला टाइप वन मधुमेह असल्याचं कळलं. यंदा तो सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावला. पहाटे पोटात काही नसताना शुगर २४०! म्हणून त्याने नाश्त्याच्या इन्सुलिनमध्ये दोन युनिट वाढवले. यवतेश्वरचा घाट चढून परत फिरला आणि उतारावर शुगर ६२ वर आली. खिशात कंदी पेढे होते, ते खाऊन कसाबसा पोहोचला. दुपारी सगळं ठीक होतं. रात्री दोन वाजता मात्र दंडावरच्या सेन्सरचा अलार्म वाजला, शुगर ५८. एकच धावणं शुगर आधी चढवतं, मग उतरवतं आणि संपल्यावर सतरा तासांनी पुन्हा उतरवतं, हे कसं? त्याला धावू द्यावं का?
— एक आई, सातारा

उत्तर : तुम्ही तिन्ही आकडे वेळेसकट लिहिलेत, म्हणून उत्तर नेमकं देता येईल. या तीन आकड्यांमागे तीन वेगळी कारणं आहेत.

पहिला आकडा २४०. शर्यतीच्या पहाटे मन धावायला लागलेलं असतं, पाय अजून थांबलेले असतात. धाकधूक वाढली की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. ज्याचं स्वादुपिंड चांगलं आहे, त्याच्या शरीरात लगेच थोडं इन्सुलिन सुटून हा चढ सपाट होतो. तुमच्या मुलाच्या शरीरात ते होत नाही, म्हणून आकडा चढलेला दिसतो. असा चढ पुष्कळदा धावायला लागल्यावर आपोआप उतरतो. त्यासाठी घेतलेले जादा दोन युनिट मात्र शरीरात राहतात.

इथे एक सावधगिरी हवी. शुगर चढण्याचं कारण धाकधूक आहे की इन्सुलिन कमी पडलंय, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून २७० च्या वर आकडा दिसला तर इन्सुलिन कमी पडल्यावर वाढणारे कीटोन तपासावेत. रक्तातले कीटोन १.५ किंवा त्याहून जास्त असतील तर त्या दिवशी धावायचं नाही. आदल्या चोवीस तासांत शुगर इतकी घसरली असेल की दुसऱ्याची मदत लागली, तरीही नाही.

दुसरा आकडा ६२. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे लहान चमचाभर. धावणारे स्नायू मिनिटाला ग्रॅमभर किंवा त्याहून अधिक कर्बोदकं जाळतात. तरीही निरोगी धावपटूची शुगर टिकते, कारण तो धावू लागताच स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं, यकृताला साखर सोडायला लावणारं ग्लुकॅगॉन वाढवतं आणि यकृत लागेल तशी साखर पुरवत राहतं. टोचून घेतलेलं इन्सुलिन असं कमी होत नाही. ते एकदा आत गेलं की परत बोलावता येत नाही. जेवणाच्या वेळचं जलद इन्सुलिन तीन ते पाच तास काम करतं. इतका वेळ ते यकृताला साखर सोडू देत नाही. शिवाय धावताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढतात. नाश्त्याचा पूर्ण डोस, वर दोन युनिट आणि घाटाची चढण, यांची गाठ उतारावर पडली.

म्हणून दीड-दोन तासांच्या धावण्याची तयारी डोसापासून सुरू होते. शर्यतीआधीच्या खाण्याचा डोस पाव ते पाऊण भागाने कमी करण्याची पद्धत आहे. नेमका किती, ते त्याच्या डॉक्टरांनी त्याच्या नोंदी पाहून ठरवावं. सुरुवातीला शुगर १२६ ते १८० च्या दरम्यान असणं सोयीचं. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं. पुढे वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि ती भूक लागायची वाट न पाहता थोडी थोडी घ्यायची असतात.

आता पेढे. आपल्या साताऱ्याचा कंदी पेढा जिभेला कितीही गोड लागला, तरी घसरलेल्या शुगरला तो वेळेवर पोहोचत नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. शेंगदाण्याच्या चिक्कीचंही तेच. शुगर ७० च्या खाली गेली की ग्लुकोजची पावडर, ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साधं साखरपाणी हवं. साधारण १५ ग्रॅम घ्यायचं, थांबायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. थांबणं महत्त्वाचं आहे. घाम, थरथर, गळून जाणं ही लक्षणं घाटात दमलेल्या कुणाचीही असतात, त्यामुळे ‘दमलो असेन’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. सेन्सरही काही मिनिटं मागे असतो, कारण तो रक्तातली नाही तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. सेन्सरच्या आकड्याबरोबर, शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवणाऱ्या बाणाकडेही पाहावं. बाण खाली असेल तर ९० सुद्धा कमीच समजावेत. शंका आली तर बोटाला टोचून पाहावं.

तिसरा आकडा ५८. धावताना स्नायूंनी स्वतःचा साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपवलेला असतो. शर्यत संपल्यावर ते हा साठा पुन्हा भरत राहतात. त्याच वेळी इन्सुलिनला त्यांचा प्रतिसाद वाढलेला असतो, त्यामुळे नेहमीचाच डोस जास्त पडतो. हा परिणाम चोवीस तास किंवा त्याहून जास्त टिकू शकतो. त्यात सकाळी शुगर एकदा घसरलेली असली की दुसऱ्या घसरणीच्या वेळी शरीर इशारा उशिरा आणि क्षीण देतं. झोपेत तर तो कळणं आणखी अवघड. म्हणून शर्यतीनंतरच्या जेवणाचा डोस कमी करणं, त्या रात्रीचं बेसल (दीर्घकाळ काम करणारं) इन्सुलिन साधारण पाचव्या भागाने उतरवणं आणि झोपण्याआधी थोडं खाणं, या तीन गोष्टी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवाव्यात. तो अलार्म चालू होता, हे फार चांगलं झालं.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. धावू द्या. सात महिन्यांचे असताना टाइप वनचं निदान झालेल्या फिल साउदरलँड यांनी अमेरिकेत ‘टीम टाइप वन’ हा सायकलपटूंचा संघ उभा केला. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या संघाने २००७ साली सांघिक गटात जिंकली. पुढे त्यातूनच ‘टीम नोवो नॉर्डिस्क’ झाला. त्या व्यावसायिक संघातला प्रत्येक सायकलपटू मधुमेही असतो. त्यांनाही शुगर आपोआप सांभाळून मिळत नाही. ती डोस, खाणं आणि तपासणी यांनीच सांभाळावी लागते.

तुमच्या मुलानेही पुढच्या शर्यतीआधी सरावाच्या लांब धावा नेमक्या त्याच वेळी, तोच नाश्ता करून धावाव्यात आणि डोस, खाणं, शुगर वहीत लिहावी. छातीवरच्या नंबराच्या कागदामागे (बिब) ‘टाइप वन मधुमेह, इन्सुलिन चालू’ आणि घरचा फोन नंबर असावा. बरोबर धावणाऱ्या मित्राला ग्लुकोज कुठे ठेवलंय ते ठाऊक असावं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता ग्लुकॅगॉन द्यायचं आणि तातडीने रुग्णवाहिका बोलवायची, हेही त्याला सांगून ठेवावं.

आणि तुम्ही? शर्यतीच्या सकाळी निघताना आपण सवयीने ‘शुगर किती आहे?’ असं विचारतो. पुढच्या वेळी त्याच्या जोडीला हेही विचारा : ‘इन्सुलिन कधी घेतलंस, आणि किती?’ यवतेश्वरच्या उतारावर काय होणार, ते या दुसऱ्या उत्तरात आधीच दिसतं.