पारखी नजर

मुलांनो, एखादे चित्र पाहून "हे काय काढले आहे?" असे तुम्ही कधी म्हटले आहे का? झाड झाडासारखे दिसत नाही, चेहरा वाकडा दिसतो. पण त्या चित्रकाराला हुबेहूब झाड काढायचेच नसते. आपल्या मनातला राग, दुःख किंवा आनंद त्याला रंगांतून सांगायचा असतो. या शैलीला अभिव्यक्तिवाद म्हणतात.

ही शैली विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी व ऑस्ट्रियात बहरली. पुढे जर्मनीत हिटलरची सत्ता आली. त्याला अशी चित्रे आवडत नसत. १९३७ साली म्युनिक शहरात ती मुद्दाम मांडून त्यांची टिंगल करण्यात आली.

त्या जुलमी काळात अनेकांनी आपला देश सोडला. त्यांतले तिघे मुंबईत आले. रुडॉल्फ फॉन लायडन वृत्तपत्रात चित्रांविषयी लिहू लागले. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. इमॅन्युएल श्लेसिंगर यांना चित्रे जमवण्याचा छंद होता.

मुंबईतच कृष्णाजी आरा नावाचा तरुण राहत होता. १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारमला जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोटासाठी मुंबईला आला. तो लोकांच्या मोटारी धुई, घरकाम करी आणि वेळ मिळेल तेव्हा चित्रे काढी. लायडन यांनी ती चित्रे पाहिली. त्यांनी नोकर पाहिला नाही, कलावंत पाहिला! त्यांनी व लँगहॅमर यांनी त्याला उत्तेजन दिले. १९४२ साली आरांच्या चित्रांचे मुंबईत प्रदर्शन भरले.

१९४७ साली आरा, सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. तेव्हा या नव्या चित्रांना गिऱ्हाईक फार थोडे. श्लेसिंगर मात्र ती विकत घेत. त्या पैशांनी चित्रकाराची चूल पेटे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची हिंमत वाढे.

पुढे आरांनीही अनेक होतकरू चित्रकारांना हात दिला. मिळालेला आधार त्यांनी असा पुढे पोहोचवला.

मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादा आरा असेल. त्याच्या वहीकडे पाहून हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. नीट पाहा.

स्वाध्याय
१. आरा मुंबईत कोणकोणती कामे करीत?
२. श्लेसिंगर यांच्या खरेदीमुळे चित्रकारांना कोणते दोन फायदे झाले?
३. 'त्यांनी नोकर पाहिला नाही, कलावंत पाहिला' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.