नकाशा, चित्र आणि अपूर्ण कथा : भूमिका-खेळांतील दृश्यसामग्रीचा एक वाङ्मयीन विचार

अद्भुतरम्य वाङ्मयाच्या अभ्यासात नकाशाला आणि चित्राला आजवर दुय्यम स्थान मिळाले आहे. संहिता आधी आणि चित्र नंतर, अशी ही समजूत आहे. छापील कादंबरीच्या बाबतीतही ती पूर्णतः खरी नाही. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) या कादंबरीचा उगम १८८१ साली रेखाटलेल्या एका काल्पनिक बेटाच्या नकाशात झाला. कथा त्या नकाशातून पुढे आली. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या पुस्तकातील थ्रोरचा नकाशा हा कथेतील पात्रांच्या हाती असलेला दस्तऐवज आहे आणि त्यावरील गुप्त अक्षरे वाचली जाणे ही कथानकातीलच एक घटना आहे. तथापि या दोन्ही उदाहरणांत कथा अखेर पूर्ण झालेली असते. नकाशा आहे पण कथा अद्याप घडलेलीच नाही, अशी स्थिती ज्या प्रकारात आढळते तो प्रकार म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचा भूमिका-खेळ होय. या खेळांसाठी निर्माण होणाऱ्या नकाशांचे व चित्रांचे वाङ्मयीन स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दोन नकाशे

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्याची पाळेमुळे युद्धखेळांत आहेत. युद्धखेळात नकाशा सर्व खेळाडूंसमोर उघडा असतो. या नव्या खेळाने तो झाकला, आणि त्यातूनच एका नव्या कथनप्रकाराचा जन्म झाला असे म्हणता येईल.

येथे एक जण सूत्रधार असतो व इतर जण पात्रांच्या भूमिका घेतात. सूत्रधाराने चौकटीच्या कागदावर भुयाराचा आराखडा आधीच काढलेला असतो. बहुधा एक चौकोन म्हणजे दहा फूट, असे प्रमाण धरलेले असते. प्रत्येक दालनाला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली दालनातील वस्तू, प्राणी व सापळे यांचे टिपण असते. खेळाडूंना यातील काहीही दिसत नाही. सूत्रधार तोंडी वर्णन करतो : बोळ तीस फूट सरळ जातो, मग डावीकडे वळतो, समोर लोखंडी दार आहे. खेळाडूंपैकी एक जण हे ऐकत आपल्या कागदावर रेषा ओढीत जातो. अशा रीतीने मेजावर दोन नकाशे असतात. एक ज्ञात्याचा, दुसरा श्रोत्याचा. पहिला पूर्ण आणि गुप्त. दुसरा अपूर्ण, चुकांनी भरलेला, पण उघड. या दोहोंमधील अंतर हेच कथेचे क्षेत्र होय. वर्णनातील एक शब्द ऐकण्यात चुकला, तर परतीची वाट चुकते. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे अशी ही गोष्ट आहे. श्रवणाचे रूपांतर तत्काळ रेषेत होते आणि त्या रेषेवर पात्राचे जीवित अवलंबून राहते.

भुयाराबाहेरच्या प्रदेशासाठी चौकोनाऐवजी षट्कोन वापरले जातात. १९७४ च्या पुस्तिकांत वनप्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ (१९७२) या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरण्याची सूचना होती. षट्कोनाच्या केंद्रापासून शेजारच्या सहाही केंद्रांचे अंतर सारखे असते; त्यामुळे दिवसभराच्या वाटचालीचा हिशेब कोणत्याही दिशेने सारखाच लागतो. १९८० साली प्रसिद्ध झालेला ‘द वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ हा ग्रंथ या पद्धतीचा उत्कर्षबिंदू मानता येईल. डार्लीन या चित्रकर्तीने त्यासाठी दोन मोठ्या तावांवर नकाशा रेखाटला. त्यातील एक षट्कोन म्हणजे तीस मैल. सुलेखनाच्या वळणाची नावे, रंगीत अरण्ये, पर्वतरांगा, आणि या साऱ्यावरून जाणारी षट्कोनांची निर्विकार जाळी! सौंदर्य आणि गणित एकाच पृष्ठावर नांदतात. नकाशावरील पुष्कळ जागा केवळ नावापुरत्या भरलेल्या आहेत. तेथे काय घडावे हे प्रत्येक मेजावर वेगळे ठरते.

भारतीय वाचकाला येथे पुराणांतील भुवनकोशाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जंबुद्वीपापासून आरंभ होणारी सात द्वीपे, त्यांना वेढणारे लवण, इक्षुरस, सुरा, घृत, दधी, दुग्ध व जल यांचे समुद्र, आणि उत्तरोत्तर दुप्पट होत जाणारा विस्तार, ही रचनाही काटेकोर नियमांनी बांधलेली आहे. परंतु तिच्यात रिकामी जागा नाही. भुवनकोश विश्व समजावून सांगतो. खेळाचा नकाशा विश्वात पाऊल टाकण्यास बोलावतो. एकाचे प्रयोजन ज्ञान, तर दुसऱ्याचे प्रयोजन कृती.

२. दाखविण्याचे चित्र

चित्रांचे दोन प्रकार करावे लागतात. पहिला प्रकार वाचकाला उद्देशून असलेल्या चित्रांचा. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’चे डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी काढलेले मुखपृष्ठ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एका भव्य मूर्तीच्या डोळ्यातील रत्न दोघे उचकटीत आहेत, लढाई होऊन गेली आहे, कोणी पुढचा बेत आखीत आहेत. चित्रात एकही नायक नाही. या खेळात काय करावयाचे असते, हे अनेक पानांच्या नियमांपेक्षा ते एक चित्र अधिक स्पष्ट सांगते.

दुसरा प्रकार खेळाच्या ऐन मध्यावर दाखवावयाच्या चित्रांचा. गायगॅक्सच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ (१९७८) या साहसासोबत चित्रांची वेगळी पुस्तिका होती. पात्रे विशिष्ट स्थळी पोहोचली की सूत्रधाराने नेमके तेवढेच चित्र दाखवावयाचे. त्यांपैकी एकात भिंतीवर दैत्याचे मुख कोरलेले दिसते; त्याचा जबडा उघडा असून आत निबिड काळोख आहे. त्या काळोखात शिरणाऱ्याचा समूळ नाश होतो, हे सूत्रधाराच्या संहितेत लिहिलेले असते. चित्र मात्र मौन पाळते. येथे चित्र संहितेचे स्पष्टीकरण करीत नाही. ते संहितेचा प्रश्न बनते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याला एक जवळची तुलना उपलब्ध आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी आपल्या पोथीतील सुटी चित्रे एकेक करून समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने सांगतो. राजस्थानातील पाबूजीचा पड, किंवा ‘मुद्राराक्षसा’तील हेर ज्याच्या आडून घरोघर फिरतो तो यमपट, हेही याच कुळातील होत. चित्र योग्य क्षणापर्यंत झाकून ठेवणे आणि वाणीच्या संगतीने उघडणे हे तंत्र दोहोंत समान आहे. भेद आहे तो श्रोत्याच्या स्थानाचा. चित्रकथीच्या श्रोत्याला सीताहरण ठाऊक असते. चित्र पाहून त्याच्या ओळखीचे समाधान होते. खेळाडूला पुढचे काहीच ठाऊक नसते. चित्र पाहून त्याला निर्णय घ्यावा लागतो. पहिल्यात रस स्मरणातून येतो, दुसऱ्यात संशयातून.

३. राक्षसाचे मस्तक

या दृश्यसामग्रीचे सामर्थ्य मान्य केले की तिची जबाबदारीही मानावी लागते. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ हे नाव जसेच्या तसे आले. ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचे मस्तक, अंगात उंची झगा आणि हाती धूम्रपानाची नळी दिली. चित्र कुशल आहे, मिस्कीलही आहे. रूप पालटून भुरळ घालण्याची शक्ती संहितेने राखली आहे. कामरूपी राक्षसाचा तेवढा अंश उरला. परंतु वाल्मीकीच्या राक्षसांना कुल आहे, नाती आहेत, राजनीती आहे. त्यांच्यात रावण आहे तसा बिभीषणही आहे. चित्रात हे काहीही नाही. पुढील आवृत्त्यांतून वाघाचे मस्तक कायम राहिले आणि जगभरच्या अनेक खेळाडूंच्या मनात ‘राक्षस’ या शब्दाचा अर्थ तेच मस्तक असा झाला.

केवळ रूप स्थिर झाले म्हणून दोष देता येणार नाही. कोकणच्या दशावतारातील संकासुराचे रूपही ठरलेले आहे : काळा पेहराव आणि लोंबणारी जीभ. पण त्या रूपाआडचा नट दर रात्री नवे बोलतो, प्रेक्षकांची थट्टा करतो. आणि त्याचे आख्यान गावाला ठाऊक असते. रूप स्थिर, वाणी प्रवाही. खेळाच्या ग्रंथात मात्र रूप उचलले गेले आणि आख्यान मागे राहिले.

याउलट उदाहरण म्हणून एम. ए. आर. बार्कर यांच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ (१९७५) या खेळाकडे पाहता येईल. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई विद्येचे प्राध्यापक असलेल्या बार्कर यांनी तेकुमेल नावाचे जग रचले. त्याला स्वतंत्र भाषा, लिपी, देवमंडळ आणि नकाशे दिले. उसन्या नावांऐवजी भाषाशास्त्राच्या पायावर उभारलेले असे जग त्या काळी दुर्मीळ होते. मात्र याच बार्कर यांनी १९९१ साली टोपणनावाने नाझीवादाचा पुरस्कार करणारी कादंबरी प्रसिद्ध केली होती, हे त्यांच्या निधनानंतर २०२२ साली तेकुमेल फाउंडेशनने मान्य केले. परसंस्कृतीचे सखोल ज्ञान म्हणजे परक्याविषयीची आस्था नव्हे, याचे हे खेदजनक प्रमाण होय. जगाचा नकाशा कोणी व कोणत्या दृष्टीने काढला, हा प्रश्न नकाशा सुंदर असल्यामुळे टळत नाही.

४. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. भूमिका-खेळातील नकाशा हा घडून गेलेल्या कथेचे चित्रण नसून घडावयाच्या कथेचे साधन आहे. त्यातील चित्र संहितेच्या मागून न चालता संहितेसमोर प्रश्न उभा करते. आणि आख्यानापासून तोडलेले रूप आख्यानापेक्षा दूर पोहोचू शकते. त्यामुळे मूळ आख्यानाची हानी होण्याचा संभव असतो. भारतीय भाषांत असे खेळ रचले जातील तेव्हा वाघाच्या मस्तकाला दुसऱ्या मस्तकाने उत्तर देणे पुरेसे ठरणार नाही. पोथीतील चित्र उघडताना चित्रकथी जे करतो, म्हणजे रूपाबरोबर वाणीही पुढे ठेवतो, तेच नव्या चित्रकाराला व नकाशाकाराला करावे लागेल. नकाशात मोकळी जागा अवश्य असावी. मात्र ती विस्मरणाची नसून निमंत्रणाची असावी.