चिकणमातीतील कालगणना

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी स्वीडन प्रचंड हिमचादरीखाली दडलेला होता. पुढे हवामान उबदार होत गेले आणि हिमाची कड उत्तरेकडे सरकू लागली. ती जिथे रेंगाळली, तिथे दगडगोट्यांचे बांध उरले. त्यांना ‘हिमोढ’ म्हणतात. हिमोढ माघारीची जागा दाखवतात. पण तिचा काळ कसा कळणार?

भूशास्त्रज्ञ जेरार्ड डी गीर यांना याचे उत्तर चिकणमातीत मिळाले. हिमाच्या कडेलगतच्या पाण्यात उन्हाळ्यात गाळाचा फिकट थर बसे, तर हिवाळ्यात अतिशय बारीक मातीचा गडद थर. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. हिम हटल्यावरच हे थर साचू लागत. म्हणून तळाची पहिली जोडी ती जागा हिममुक्त झाल्याचे वर्ष सांगते. 1905 साली विद्यार्थ्यांच्या मदतीने त्यांनी ठिकठिकाणच्या जोड्या मोजल्या आणि जाड-पातळ थरांचा क्रम जुळवून सलग कालगणना उभारली.

आज हिमोढांवरील शिळांतील बेरिलियम-10 मोजूनही त्या किती वर्षे उघड्यावर आहेत, हे ठरवता येते.

विचार करा : उत्तरेकडील खड्ड्यातील तळाची जोडी दक्षिणेकडील जोडीपेक्षा अलीकडची का असते?