लॅपटॉप घेताना विहीर पाहून मोटर बसवावी



गळीत हंगाम उरकतो, उसाचे पैसे खात्यावर जमा होतात आणि पाठोपाठ मुलामुलींचे निकाल व पुढच्या प्रवेशांची धावपळ सुरू होते. अलीकडे वह्या-पुस्तकांच्या यादीत एक नवा मोठा खर्च येऊन बसला आहे, तो म्हणजे लॅपटॉप. पोरगं म्हणतं, "भारीतलाच घ्या, चार वर्षं बघायला नको." दुकानदार म्हणतो, "इंजिनिअरिंगला वर्कस्टेशनच लागणार." आणि बाप म्हणतो, "पंचवीस हजारांत मिळतो तो का नको?" तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे खरे आहे. म्हणून साधा लॅपटॉप घ्यावा की भारी, हे कसे ठरवावे, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

हिशेब टनांत मांडू

रुपयांत आकडा नुसता ऐकला तर अंदाज येत नाही. टनांत मांडला की लगेच येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उदाहरणादाखल साधा लॅपटॉप ४५,००० रुपयांना व वर्कस्टेशन १,८०,००० रुपयांना धरू. बाजारभाव खाली-वर होतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

साधा लॅपटॉप म्हणजे सुमारे पावणेतेरा टन ऊस. वर्कस्टेशन म्हणजे सुमारे एक्कावन्न टन. फरक झाला ३८ टनांचा. एकरी ४० टन उत्पादन धरले तर तो जवळजवळ एका एकराचा ऊस झाला, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचा. लागण, खत, पाणी, मजुरी यात धरलेलीच नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. पंचवीस हजारांचा अगदी हलका लॅपटॉप आणला, तो वर्षभरात कॉलेजच्या कामाला पुरेना झाला आणि दुसरा घ्यावा लागला, तर सात टन ऊस पाण्यात गेला. म्हणजे कमीत घेतल्यानेही नुकसान होते व जास्तीत घेतल्यानेही होते. स्वस्त काय आणि महाग काय, हे कामाला लावून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

विहिरीवर मोटर बसवताना आपण काय करतो? पाणी किती खोल आहे, किती उंच चढवायचे आहे, पाइप किती इंची आहे आणि विहिरीला झरा किती आहे, हे पाहतो. लहान मोटर पाणी चढवत नाही. झरा नसलेल्या विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटर टाकली तर ती घटकाभरात विहीर कोरडी करते आणि पुढे नुसती घरघरते. लॅपटॉपच्या बाबतीत मुलाचे काम ही विहीर. आधी ती मोजायची, मग मोटर ठरवायची.

चार भाग समजून घ्या

कोणत्याही लॅपटॉपचा दम चार गोष्टींवर ठरतो.

१) प्रोसेसर. हे हिशेब करणारे इंजिन. इंटेलच्या बऱ्याच मॉडेलांच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असते. ती वीज जपून वापरणारी, साधारण १५ वॅटची जात. ‘एच’ व ‘एचएक्स’ ही ४५ ते ५५ वॅटची ताकदवान जात.

२) रॅम. काम मांडायची जागा. जागा अपुरी पडली की यंत्र एक वस्तू उचलून ठेवते, दुसरी मांडते आणि आपण बघत बसतो. लॅपटॉप ‘हँग होतो’ म्हणतात त्यात पुष्कळदा दोष रॅमचा असतो.

३) साठवण. आता एसएसडीच घ्यावी. फार स्वस्त मॉडेलांत ‘ईएमएमसी’ नावाची संथ साठवण असते. ती सहसा बोर्डावर पक्की बसवलेली असते, बदलता येत नाही. ते टाळावे.

४) ग्राफिक. पडद्यावरचे चित्र घडवणारा भाग. साध्या लॅपटॉपमध्ये तो प्रोसेसरमध्येच असतो. भारी यंत्रात त्याचे वेगळे कार्ड असते व त्याला स्वतःची मेमरी असते.

वर्कस्टेशनचे पैसे कशाचे?

डेलची प्रिसिजन, एचपीची झेडबुक आणि लेनोव्होची थिंकपॅड ‘पी’ ही वर्कस्टेशनची नावे बाजारात रुळलेली आहेत. (डेलने २०२५ मध्ये या मालिकेचे नाव बदलून ‘प्रो मॅक्स’ केले.) यांत ताकदवान प्रोसेसर असतो, कित्येक मॉडेलांत ६४ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम बसते आणि तासन्‌तास पूर्ण भाराने चालता यावे म्हणून थंड ठेवण्याची व्यवस्था मोठी असते. काही मॉडेलांत स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ जातीची रॅमही मिळते. याखेरीज एक न दिसणारी गोष्ट असते. सॉलिडवर्क्स, कॅटिया अशा सॉफ्टवेअरबरोबर त्या यंत्राचे ग्राफिक कार्ड तपासून प्रमाणित केलेले असते. लाखो रुपयांचा आराखडा करणाऱ्या कंपनीला मध्येच यंत्र अडकून चालत नाही, म्हणून ती या खात्रीचे पैसे मोजते. शिकणाऱ्या पोराला त्या खात्रीची गरज कितपत असते, ते आता पाहू.

कोणत्या कामाला काय लागते

पहिला गट : ऑनलाइन अर्ज, सातबारा काढणे, एक्सेल, टॅली, टायपिंग, व्हिडिओवरचे वर्ग, कला-वाणिज्य शाखेचा अभ्यास, दूध संस्थेचे किंवा खताच्या दुकानाचे हिशेब. याला साधा लॅपटॉप भरपूर झाला. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही किमान अट असली तरी ४ जीबीवर काम रेटत चालते. ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

दुसरा गट : कॉम्प्युटर शाखा, म्हणजे सी, जावा, पायथन, वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅप बनवणे. इथे वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही, रॅम लागते. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि मधल्या प्रतीचा प्रोसेसर एवढे पुरे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाला भारी कार्ड लागते हे खरे, पण शिकण्यापुरते ते गूगलच्या ‘कोलॅब’ सेवेवर इंटरनेटवरून फुकट वापरायला मिळते. त्याला वेळेची मर्यादा असते इतकेच.

तिसरा गट : सिव्हिल व मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि डिग्रीची पहिली वर्षे. ऑटोकॅडची सपाट रेखाचित्रे, लहान सुटे भाग, सर्वेक्षणाचे नकाशे. ऑटोकॅडला किमान ८ जीबी रॅम सांगितली जाते आणि शिफारस याहून बरीच जास्त असते. म्हणून १६ जीबी धरावी. साध्या लॅपटॉपमधली चांगल्या प्रतीची जोडी इथे काम भागवते.

चौथा गट : हजारो सुट्या भागांची अख्खी यंत्रे त्रिमितीत जोडणे, पुलाच्या किंवा यंत्राच्या ताणाचे मोठे विश्लेषण, ड्रोनने काढलेल्या शेकडो फोटोंतून शिवाराचा नकाशा जुळवणे, त्रिमिती ॲनिमेशन, सिनेमाच्या दर्जाचे व्हिडिओ संकलन. इथे वर्कस्टेशन आपले पैसे वसूल करून देते. साध्या यंत्रावर जे काम रात्रभर चालते, ते यावर काही तासांत होऊ शकते, आणि ज्याचा धंदाच हा आहे त्याला तास म्हणजे पैसा.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. ताणाच्या विश्लेषणाचे अन्सिस हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळते, परंतु त्या आवृत्तीत गणिताच्या आकाराला मर्यादा घातलेली आहे. म्हणजे यंत्र कितीही भारी आणले तरी सॉफ्टवेअरच पुढे जाऊ देत नाही. मोठे गणित कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करावे लागते. ऑटोकॅडही पात्र विद्यार्थ्यांना एकेक वर्षाच्या परवान्याने विनामूल्य मिळते. तेव्हा कुणी पैसे घेऊन चोरीची प्रत टाकून देत असेल तर घेऊ नये.

मधली वाट

या दोहोंच्या मध्ये ग्राफिक कार्ड असलेला, ‘गेमिंग’ म्हणून विकला जाणारा लॅपटॉप येतो. त्याला वर्कस्टेशनसारखे प्रमाणपत्र नसते, पण त्रिमिती शिकायला तो पुष्कळ होतो व किंमत मधली पडते. शेवटच्या वर्षाला खरीच गरज लागली तर हा विचार करावा. आणि मुलगा किंवा मुलगी घरी राहूनच काम करणार असेल तर त्याच पैशात टेबलावरचा कॉम्प्युटर जास्त ताकदीचा येतो व तो दुरुस्तीलाही सोपा असतो.

आपल्याकडची ऊन-वीज

लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावा असे बहुतेक कंपन्या गृहीत धरतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा त्याच्या पुढे जातो. अशा वेळी तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे भारी यंत्राचे पैसे देऊन वेग मात्र हलका मिळतो.

विजेचेही तसेच. साध्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ४५ ते ६५ वॅटचा असतो. वर्कस्टेशनचा १३० वॅटपासून २३० वॅटपर्यंत जातो. भारनियमनात साधा लॅपटॉप बॅटरीवर अर्धा दिवस काढतो, भारी यंत्र पूर्ण भाराने चालवले तर तास-दोन तासांत मान टाकते. वजनही दीड किलोच्या जागी अडीच-तीन किलो. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या पोरीच्या खांद्याला हा फरक कळतो.

मोजून पाहायची रीत

अंदाजाने ठरवू नका. कॉलेजच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या लॅपटॉपवर मुलाला त्याचे नेहमीचे काम उघडायला सांगा. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क व ग्राफिक किती टक्के वापरात आहे ते दिसते. मेमरी ९० टक्क्यांवर गेली असेल तर जादा रॅम हवी. ग्राफिक दोन-चार टक्क्यांवर पडून असेल तर त्या कार्डाचे पैसे कशाला द्यायचे? जो भाग काम अडवतो, त्यावरच पैसा घालावा.

दुकानात जाण्यापूर्वी

१) कॉलेजच्या विभागप्रमुखांकडून कोणत्या वर्षाला कोणते सॉफ्टवेअर लागते, याची यादी लिहून आणा. त्यातले प्रयोगशाळेत कोणते मिळते, तेही विचारा.

२) रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावर पक्की आहे, हे मॉडेलच्या नावानिशी विचारा. मोकळी जागा असेल तर गरज लागेल तेव्हा भर घालता येते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले होते. सबब पहिल्या दिवशीच १६ जीबी परवडत असेल तर तीच घ्यावी.

३) ‘आय-सेव्हन आहे’ एवढ्यावर भुलू नका. जुन्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा नव्या पिढीचा आय-फाइव्ह पुष्कळदा सरस ठरतो. पिढी विचारा, शेवटचे अक्षर विचारा.

४) जुने वर्कस्टेशन स्वस्तात मिळते म्हणून घेत असाल तर सांभाळून. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. बॅटरीही तपासून घ्या.

५) जीएसटीची पक्की पावती घ्या आणि दुरुस्तीचे केंद्र तालुक्याला आहे की जिल्ह्याला, हे आधीच पाहून ठेवा.

दोन घरांचा हिशेब

समजा, एका घरातील मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला आज रेखाचित्रे, एक्सेल व अहवाल एवढेच काम. तिला १६ जीबीचा साधा लॅपटॉप घ्यावा. उरलेली रक्कम ठेवीत टाकावी, ती तीन वर्षांनी डिग्रीच्या प्रवेशाला उपयोगी पडेल. तेव्हा जे यंत्र लागेल ते त्या वेळच्या बाजारात पाहता येईल.

समजा, दुसऱ्या घरातील मुलाचे शिक्षण झाले आहे आणि तो ड्रोनने मोजणी व नकाशे करून देण्याचे काम सुरू करतो आहे. हातात दोन-तीन कामे ठरलेली आहेत. त्याला मात्र साध्या यंत्रात अडकवून ठेवू नये. त्याचे वर्कस्टेशन म्हणजे आपल्या घरचा ट्रॅक्टर. भाड्याने चालणार असेल, तर कर्ज काढून घेतला तरी हप्ता त्यातूनच फिटतो.

दोन्ही घरांना ऊस सारखाच, पैसेही सारखेच. काम वेगळे, म्हणून यंत्र वेगळे.

ज्या घरात यंदा ही खरेदी आहे, तिथे मुलामुलींना पुढच्या दोन वर्षांत करायच्या कामांची यादी एका कागदावर लिहायला सांगा आणि आई-वडिलांनी ती शेजारी बसून वाचावी. कारखान्याच्या काट्यावर आपण आपल्या उसाचे वजन डोळ्यांदेखत करून घेतो. त्याच उसाचे पैसे दुकानात मोजून देतानाही तेवढीच नजर ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.