तीन महिन्यांची साखर आणि सिकलसेलचे रक्त

मधुमेह हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे. तेव्हा शेतमजूर असो, शिपाई असो की आमच्यासारखा बँकेतील कारकून असो, चाळिशी उलटली की साखर तपासणे आलेच.

मधुमेहाचे पथ्यपाणी सांगण्याचा येथे विचार नाही. ते पुष्कळ ठिकाणी छापून येते. आम्ही डॉक्टर नव्हे, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु आपल्या नंदुरबार जिल्ह्याला विशेषत्वाने लागू पडणारी एक गोष्ट वाचनात आली, ती समाजबांधवांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावी असे वाटले. ती अशी की, साखरेच्या एका प्रसिद्ध तपासणीचा आकडा केवळ साखरेवर ठरत नाही. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचाही त्यावर परिणाम होतो.

ही तपासणी म्हणजे एचबीएवनसी, ज्याला आपल्याकडे लोक 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. उपाशीपोटीची साखर म्हणजे खात्यावरची आजची शिल्लक. काल जेवण टाळले तर ती आज बरी दिसते. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शिल्लक. ती एका दिवसाच्या पथ्याने बदलत नाही. याचे कारण तांबड्या पेशीत आहे. पेशीतील हिमोग्लोबिनला रक्तातील साखर हळूहळू चिकटत जाते आणि पेशी जगेपर्यंत चिकटून राहते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी किती भागांना साखर चिकटली हे मोजले की मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आकडा आला तर मधुमेह धरावा, असे अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०१० मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ठरविले.

सगळा हिशेब दोन गृहीतांवर उभा आहे. एक, हिमोग्लोबिन सर्वांचे सारखे आहे. दोन, पेशी १२० दिवस जगते. आपल्या जिल्ह्यात नेमकी हीच दोन गृहीते अनेकांच्या बाबतीत खरी नसतात.

सिकलसेल हे नाव आपल्याला नवीन नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांत ते घराघरांत ठाऊक आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाल्याने हा प्रकार होतो. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. एका उकाराने अर्थ बदलतो, तसेच हे आहे. त्या एका बदलामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. मग प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते. असे जनुक आई व वडील दोघांकडून आले तर तो रुग्ण, म्हणजे एसएस. एकाकडूनच आले तर तो वाहक, म्हणजे एएस. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे आपण वाहक आहोत हे त्याला आयुष्यभर कळतही नाही.

भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. महाराष्ट्रात डॉ. एस. एल. काटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या आदिवासी वस्त्यांतून रक्ततपासणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत हे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे म्हटले आहे, आणि जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर यांच्याबरोबर नंदुरबारचे नाव आहे. विदर्भात हे जनुक अनुसूचित जातींतील कुटुंबांतही, म्हणजे आपल्या बौद्ध कुटुंबांतही आढळते. नोकरीच्या बदलीने तिकडून इकडे आलेली कुटुंबे आपल्या परिचयाची असतील. यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. हे जनुक जातीचे नव्हे, मलेरियाचे अपत्य आहे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे हे जनुक टिकले. सातपुड्याच्या रानात टिकले तसेच आफ्रिकेतही टिकले. पूर्वजन्मीच्या पापाशी त्याचा संबंध जोडणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

आता मधुमेहाकडे वळू. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवस नव्हे, जेमतेम १० ते २० दिवस जगते. साखर चिकटण्यास वेळच मिळत नाही. ज्या खातेवहीची पाने पंधरा दिवसांनी फाडली जातात तिच्यातून तीन महिन्यांची सरासरी कशी काढणार? शिवाय ज्या 'ए' हिमोग्लोबिनवर ही तपासणी बेतलेली आहे ते एसएस रुग्णात मुळात तयारच होत नाही. अशा रुग्णाचा आकडा ५ आला तरी त्यावरून साखर ठीक आहे असे म्हणता येत नाही. त्यातही मधुमेह आणि सिकलसेल हे दोघेही डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड यांवरच घाव घालतात. एक रोग दुसऱ्याच्या आड लपला तर नुकसान दुहेरी होते.

वाहकाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्याची पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगते, आणि आजची बरीच यंत्रे वाहकाचे रक्त नीट मोजतात; काही पद्धती मात्र फसतात. अमेरिकेतील ४,६०० हून अधिक कृष्णवर्णीय लोकांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर तेवढीच असताना वाहकांचा एचबीएवनसी इतरांपेक्षा सरासरी ०.२९ ने कमी आला. एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी म्हणेल. समजा एखाद्याचा खरा आकडा ६.७ असावयास हवा आणि कागदावर ६.४ आला. पहिल्या आकड्याला मधुमेह म्हणतात, दुसऱ्याला नाही. हा गृहस्थ निश्चिंत होऊन घरी जातो आणि पुढची तपासणी पाय सुन्न पडल्यावर करतो. तो अभ्यास अमेरिकेतील लोकांचा आहे, आपल्याकडील फरक नेमका तेवढाच असेल असे धरू नये. पण सावध होण्यास तो पुरेसा आहे.

जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता हाही असाच आनुवंशिक प्रकार आहे. मलेरियाच्या प्राइमाक्वीन गोळीने ज्यांचे रक्त फुटते त्यांच्यात तो असतो. यातही पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त आढळते.

याच्या उलट लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग. त्यात एचबीएवनसी खोटा वाढतो. आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांमध्ये, अंगात रक्त कमी असणे किती सर्रास आहे हे सांगावयास नको. एकाच बाईला लोहाची कमतरता आणि सिकलसेलचे जनुक दोन्ही असेल तर एक चूक आकडा वर ओढते, दुसरी खाली. बँकेत काम करणाऱ्यास हे चांगले कळते: ताळा जुळला म्हणजे सर्व नोंदी बरोबर असतात असे नाही, दोन चुकांनी एकमेकींना झाकलेले असते.

गंमत अशी की, ही तपासणी जन्मालाच आली ती हिमोग्लोबिनचे दोष शोधताना. इराणमधील डॉ. सॅम्युएल रहबर १९६० च्या दशकात तेहरानमध्ये लोकांच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन सापडते का ते पाहत होते. तेव्हा मधुमेहींच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा दिसला, आणि १९६८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. तोच पुढे एचबीएवनसी ठरला.

मग करावे काय? तपासणी सोडून द्यावी असा याचा अर्थ मुळीच नाही. आपण वा घरातील कोणी सिकलसेलचे रुग्ण वा वाहक असल्यास, किंवा नुकतेच रक्त चढविलेले असल्यास, ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला आधी सांगावे. अशा वेळी जुनी साधी तपासणीच अधिक विश्वासाची: उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक. अशा आकड्यांची दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करून घेतात. उपचार चालू असलेल्यांसाठी फ्रुक्टोसामिन ही तपासणी आहे. ती हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातील प्रथिने पाहते व मागील दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते.

आता एक अडचण. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. (आपल्या जिल्ह्याच्या निर्मितीस त्याच दिवशी २५ वर्षे पूर्ण झाली.) त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून कार्ड देण्याचे ठरले. मधुमेह मात्र बहुधा चाळिशीनंतर गाठतो. म्हणजे ज्याला साखर तपासावयाची आहे त्याच्याच हाती कार्ड नसण्याचा संभव अधिक.

येथे घरातील विद्यार्थ्यांचा उपयोग आहे. मुलाचे कार्ड वाचून आईबापांचे रक्त काही अंशी ओळखता येते. मूल एसएस असेल तर आई व वडील दोघांकडेही ते जनुक असते. मूल एएस असेल तर दोघांपैकी निदान एकाकडे ते असतेच. मूल निर्दोष निघाले तर मात्र आईबापांविषयी निकाल लागत नाही, कारण वाहक आईकडूनही मुलाला चांगले जनुक मिळू शकते. त्यांना स्वतःचेच रक्त तपासावे लागते. पहिली चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तात होते, आणि ती सदोष आल्यास रुग्ण की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने ठरते.