गाडी चकाचक हवी की नुसती स्वच्छ?

आपल्या कॉलेजात दोन पंथ आहेत. पहिला पंथ रविवारी सकाळी बादली, शाम्पूची पुडी आणि जुना बनियन घेऊन पार्किंगमध्ये उतरतो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत गाडी घासत बसतो. दुसरा पंथ म्हणतो, "पाऊस आला की आपोआप धुतली जाईल!" मेसमध्ये हा वाद निघाला की भाजी थंड होते, पण निकाल काही लागत नाही. म्हटलं, मेकॅनिकलला तीन वर्षं घासतोय, तर निदान हा एक प्रश्न तरी सोडवावा.

मी राहणारी कड्याची. कडा म्हणजे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका, नगर-बीड रस्त्यावरचं गाव. (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) शाळा मात्र कॉन्व्हेंटची. तिथे सिस्टर शिकवायच्या की स्वच्छता देवाच्या शेजारी बसते. सुट्टीत घरी आलं की आजी सांगायची, पाणी देवासारखं जपून वापर. दोन्ही देव सांभाळून गाडी कशी धुवायची, हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

अ‍ॅव्हरेज वाढतं का?

पहिल्या पंथाचा आवडता मुद्दा हा, की स्वच्छ गाडीला हवेचा विरोध कमी होतो आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमात २००९ साली हे करून पाहिलं होतं. चिखलाने माखलेली गाडी लिटरमागे साधारण १० किलोमीटर चालली आणि तीच धुतल्यावर सुमारे ११. म्हणजे फरक पडला खरा. पण ती चाचणी महामार्गाच्या वेगाने झाली होती आणि गाडी मुद्दाम लिंपली होती.

आपला हिशेब करू या. साधारण १००० किलो वजनाची छोटी कार घ्या. टायर रस्त्यावर घरंगळताना होणारा विरोध अंदाजे १२० न्यूटन. हवेचा विरोध ताशी ४० किलोमीटरला जेमतेम ५० न्यूटन, ६० ला साधारण ११० आणि १०० ला जवळपास ३०० न्यूटन. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आठवा). आता गावातले गतिरोधक, खड्डे आणि मध्येच आडवी येणारी शेळी यांच्यातून चाळीसच्या वर काटा जातो कुठे? तिथे धुळीने अ‍ॅव्हरेज पडत नाही. टायरमधली हवा कमी असली तर मात्र नक्की पडतं. तेव्हा अ‍ॅव्हरेजसाठी गाडी धुणाऱ्यांनी आधी पंपावर जाऊन हवा तपासावी. तिला पाणी लागत नाही!

रंग आणि गंज

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, आणि मीठ मिळालं की काम झपाट्याने होतं. म्हणून कोकणात खाऱ्या हवेने पत्रा लवकर जातो आणि बर्फाच्या देशात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे गाडीचं पोट सडतं. कड्याची हवा कोरडी. नुसत्या धुळीने पत्रा गंजत नाही.

पण दोन गोष्टी इथेही सोडत नाहीत. एक, आपली काळी माती. ती पाणी धरून ठेवते. मडगार्डच्या आतल्या घडीत ती चिकटून बसली की बाहेर ऊन असलं तरी आत ओल राहते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही मातीने बुजतात. दुसरी गोष्ट खत. पोटॅश म्हणून जे खत शेतात टाकतात ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. पिकअपमध्ये एकदा फुटकी गोणी आली आणि हौदा तसाच राहिला, तर समुद्र नसताना कोकण घरी येतो.

रंगाच्या बाबतीत तर आपण धुळीपेक्षा जास्त नुकसान फडक्याने करतो. आपली माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झाली आहे. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज कठीणपणाच्या मापावर ६ ला बसतं, साधी काच साधारण साडेपाचला, आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर तर काचेपेक्षा कितीतरी मऊ. म्हणजे कोरड्या धुळीवर कोरडं फडकं फिरवणं हे पॉलिश पेपर मारण्यासारखंच आहे. धुळीने भरलेल्या काचेवर सुका वायपर चालवला तरी तेच. मोटरसायकलच्या चेनवर ही धूळ तेलात मिसळली की तिची घासणारी पेस्ट होते. घाई असेल तर धूळ राहू द्या, पण कोरडी घासू नका. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी, ओल्या फडक्याने भिजवून काढा. उन्हात ती रंग खाते.

खरा प्रश्न रात्रीचा

इथपर्यंत दुसरा पंथ खुशीत असेल. पण आता त्यांची पाळी.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात संसार, पोरंबाळं, कोंबड्या. हा प्रवास बऱ्याचदा रात्रीचा. मागून येणाऱ्याला अंधारात त्या ट्रॉलीचं जे काही दिसतं ते म्हणजे मागचा लाल रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टर असलाच पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०४ सांगतो. पण लावलेला रिफ्लेक्टर चिखलाखाली असेल तर?

गणित सोपं आहे. समजा चिखलाच्या थरातून निम्माच प्रकाश पार होतो. रिफ्लेक्टरवर पडणारा प्रकाश त्या थरातून एकदा आत जातो आणि एकदा बाहेर येतो. म्हणजे उरला एक चतुर्थांश. आपल्या हेडलाइटवरही तसाच थर असला तर एक अष्टमांश. समोरची काचही तशीच असली तर आपल्या डोळ्यापर्यंत पोचला एक षोडशांश! शिवाय समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड मळक्या काचेवर पसरून डोळे दिपतात ते वेगळंच.

आता याच्या शेजारी ब्रेकचं गणित ठेवा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी २३ मीटर तरी जातात. एकूण ४८ मीटर. ट्रॉली ४८ मीटरच्या आत आल्यावर दिसली, तर देव पाठीशी असावा लागतो. मोटरसायकलवाल्यांनो, हेल्मेटची काचही यातच धरा.

म्हणजे बॉनेट चमकतंय की नाही याला काडीचं महत्त्व नाही. काच, दिवे आणि रिफ्लेक्टर मात्र जीवन-मरणाचा मामला आहे.

धुणं म्हणजे बघणं

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी होते. ज्या खांद्यावर वर्षभर जू घासलं, तो खांदा हळद आणि तूप लावून चोळतात. शिंगं रंगवणं, झूल, बाशिंग हे सगळं नंतर. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, "तात्या, आधी झूल का नाही घालत?" ते म्हणाले, "पोरी, झूल लोकांसाठी. खांदा बैलासाठी." हात फिरवताना सूज, जखम, गाठ हाताला लागते, हे मला पुढे कळलं.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला जपानी कारखान्यांतली 'फाइव्ह एस' पद्धत शिकवली. त्यातला तिसरा एस म्हणजे 'सेइसो', अर्थात साफसफाई. यंत्र साफ करणं हीच यंत्राची तपासणी, असं ती पद्धत मानते. तात्यांना हे न शिकताच कळलं होतं! गाडी हाताने धुताना टायरमध्ये रुतलेला खिळा दिसतो, साइडवॉलचा फुगा दिसतो, इंजिनखालचा ओला डाग दिसतो, बंद पडलेला टेललाइट दिसतो. दहा रुपये जास्त देऊन दुसऱ्याकडून धुऊन घेतली की चमक मिळते, पण हे बघणं हुकतं.

आणि न बघता धुतलं तर? २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ विमान लिमाहून उडालं. आदल्या कामात विमान धुताना आणि पॉलिश करताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायचीच राहिली. वैमानिकांना उंची आणि वेग यांचे आकडे चुकीचे मिळत राहिले. विमान समुद्रात पडलं आणि ७० जण गेले. विमान चकाचक होतं. तेव्हा प्रेशरच्या पाण्याचा फवारा वायरिंगवर, चाकाच्या बेअरिंगवर किंवा रेडिएटरच्या नाजूक पात्यांवर जवळून मारणाऱ्यांनी जरा जपून.

पाण्याचा हिशेब

आमच्या होस्टेलच्या नळाखाली १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाइप लावून २० मिनिटं कार धुतली की २०० लिटर गेले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं खेड्यातलं उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटरचं आहे. म्हणजे एका धुण्यात साडेतीन माणसांचा दिवस वाहून गेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. पाइपने २५०० गाड्या धुतल्या की ती आख्खी रेल्वे रिकामी! मार्च २०२४ मध्ये बंगळुरूसारख्या शहरालाही पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर ५००० रुपये दंड लावावा लागला. आपण तर पर्जन्यछायेतली माणसं.

एका बादलीची पद्धत

तर मंडळी, वादाचा निकाल असा. एक बादली पाणी, दोन फडकी आणि हा क्रम:

१) समोरची काच, आधी बाहेरून, मग आतून. आरसेही.
२) हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर. हे रात्री निघण्याआधी दर वेळी.
३) नंबर प्लेट. ती वाचता आली पाहिजे, हा नियमच आहे.
४) टायर आणि रिम. पुसताना खिळे, चिरा, फुगे बघा.
५) दाराच्या खालची भोकं आणि मडगार्डच्या आतली माती. काडीने उकरा, मग ओलं फडकं.
६) पाणी उरलं तर बॉनेट, छत, दारं. वरून खाली, फडकं भिजवून, न रगडता.

पावसाळ्यात पाचवा नंबर वर घ्या. पाणी कपडे धुतल्यानंतरचं, दुसऱ्यांदा खळबळलेलं असलं तरी पोट आणि चाकांना चालतं. काचेला आणि रंगाला मात्र स्वच्छ हवं. एअर फिल्टर पाण्याने धुऊ नका, मेकॅनिक सांगेल तसा झटका किंवा बदला.

आता हंगाम सुरू होईल. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना धाब्यावर चहाला थांबाल, तेव्हा शेजारी उसाची ट्रॉली उभी असेल. खिशात फडकं असू द्या. ड्रायव्हरदादांना विचारा आणि मागचे दोन्ही रिफ्लेक्टर पुसून द्या. ओंजळभर पाणी लागेल. जमेल ना?